भरतपूरचा कच्चा परकोटा

महाराष्ट्रातल्या माणसाला किल्ला म्हटलं की कडा आठवतो. दम काढणारी वाट, कातळात खोदलेल्या पायऱ्या, वर पाण्याची टाकी. खडकवासल्याला अकादमीत असताना सिंहगड रोज समोर दिसायचा आणि तो आमच्याकडून इतक्या वेळा चढून घेतला गेला की किल्ला आणि शिक्षा हे दोन शब्द डोक्यात एकत्रच बसले. मातीचा किल्ला मात्र आपल्याकडे दिवाळीत पोरांनी करायची गोष्ट. त्यावर मावळे मांडायचे, हळीव पेरायचं आणि तुळशीचं लग्न झालं की मोडून टाकायचा.

मथुरेला पोस्टिंग होती तेव्हा तिथून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या भरतपूरला अनेकदा जाणं झालं. लॉर्ड लेकसारखा सेनापती जिथे चार वेळा आपटला तो तट हाच, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला सांगूनही पटत नाही. कारण तट दिसतच नाही. मथुरा गेट, अनाह गेट, कुम्हेर गेट, नीम गेट अशी नावं रिक्षावाले सर्रास घेतात. पण दरवाजांच्या मधे जे असायला हवं ते शोधायला गेलं तर एक लांबलचक मातीचा उंचवटा लागतो, त्यावर घरं, शेणाच्या गोवऱ्या, बाभळी आणि वाळत घातलेले कपडे. इथले लोक त्याला कच्चा परकोटा म्हणतात, काही जण कच्चा डंडा.

माझ्याबरोबर आमच्या रेजिमेंटचा एक जाट हवालदार होता, डीगजवळच्या गावचा. तो म्हणाला, "सर, आप ऊपर मत देखो. ये खड़ी दीवार नहीं है, ये लेटी हुई दीवार है." आडवी पडलेली भिंत. तटबंदीच्या अभियांत्रिकीवर मी बरंच वाचलंय, पण याहून नेमकं वर्णन मला मिळालेलं नाही.

भरतपूर महाराजा सूरजमलने वसवलं. १७३३ च्या सुमारास त्याने ही जागा ताब्यात घेतली आणि पुढची कित्येक वर्षं तट बांधत राहिला. रचना दुहेरी आहे. आत लोहागढ, म्हणजे राजवाडे, कचेऱ्या आणि दारूगोळ्याचा किल्ला. त्याभोवती सुजान गंगा नावाचा रुंद खंदक. बाहेर सगळं शहर कवेत घेणारा हा मातीचा परकोटा आणि त्याच्याही बाहेर दुसरा खंदक. आतल्या किल्ल्याला दगडी काम आहे, जवाहर बुर्ज आणि फतेह बुर्ज पर्यटकांना दाखवतात, अष्टधातू दरवाजासमोर फोटो काढतात. तो दरवाजा चितोडहून दिल्लीला गेला होता आणि सूरजमलच्या मुलाने, जवाहरसिंहाने, तो दिल्लीहून आणला, असं इथे प्रत्येक जण अभिमानाने सांगतो. पण मला विचाराल तर भरतपूरचं खरं नाव झालं ते बाहेरच्या मातीमुळे.

मी तोफखान्यातला. देवळालीला आम्ही जे शिकतो त्यात जुन्या वेढ्यांना फारशी जागा नाही, पण गोळा आदळल्यावर काय होतं हे समजायला अठरावं शतक उत्तम आहे. त्या काळचा तोफेचा गोळा म्हणजे लोखंडाचा भरीव गोल, अठरा किंवा चोवीस पौंडांचा. दगडी तट फोडायची रीत ठरलेली होती. पायथ्यापासून थोड्या उंचीवर एका आडव्या रेषेत मारा करत राहायचं. दगड निखळतात, चुन्याची पकड सुटते, तडे पसरतात आणि मग भिंत स्वतःच्याच वजनाने खाली बसते. पडलेला ढिगारा खंदकात जातो आणि हल्लेखोरांना आयता उतार तयार होतो. म्हणजे दगडी भिंत मजबूत खरी, पण एकदा ढासळली की शत्रूची शिडी होते.

माती तसं वागत नाही. गोळा आत घुसतो आणि तिथेच राहतो. तडा पसरायला तिथे काही कडक नाहीच. वरची सैल माती घसरते, पण खालची जाडी इतकी असते की खिंडार पडलं असं बाहेरून दिसलं तरी आत अजून भिंत शिल्लक असते. शिवाय रात्रीतून दुरुस्ती होते. गवंडी नको, चुना नको. टोपल्या, फावडी, ओंडके आणि गावातली माणसं पुरतात. दिवसभर तोफांनी केलेलं काम आतले लोक पहाटेपर्यंत पुसून टाकतात. एका तोफखान्याच्या अधिकाऱ्याला याहून वैतागवाणं काही असू शकत नाही. लेकच्या तोफचींची दया येते.

तरीही नुसती माती पुरली नसती. सूरजमलची खरी अक्कल पाण्यात होती. हा सगळा सखल प्रदेश. बाणगंगा, गंभीर, रूपारेल या पावसाळ्यात भरून येणाऱ्या नद्यांचं पाणी इथे पसरतं. बांध घालून ते अडवायचं आणि हवं तेव्हा सोडायचं, ही व्यवस्था त्याने उभी केली. अजान बांध त्यातलाच. शहराजवळच्या मोती झीलचं पाणी खंदकात सोडता येत असे. म्हणजे तटाची किल्ली तटाच्या बाहेर, एका बांधावर होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता आपल्याकडचा संबंध. भरतपूरच्या तटाशी मराठ्यांचं नातं तीनदा आलं आणि तिन्ही वेळा वेगळं.

पहिल्यांदा शत्रू म्हणून. १७५४ साली रघुनाथरावांच्या स्वारीत मराठी फौजांनी कुम्हेरला वेढा घातला. कुम्हेर म्हणजे भरतपूरपासून पंधरा-वीस किलोमीटरवरचा सूरजमलचा दुसरा बळकट किल्ला. वेढा चालू असताना किल्ल्यावरून आलेल्या तोफेच्या माऱ्यात मल्हारराव होळकरांचा एकुलता एक मुलगा खंडेराव ठार झाला. मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही, ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. ती सून म्हणजे अहिल्याबाई. ज्या गोळ्याने त्या विधवा झाल्या तो इथून सुटला, हे मात्र पुस्तकात एखाद्या ओळीत येतं आणि जातं. खंडेरावांची छत्री कुम्हेर आणि डीगच्या मधे गांगरसोली गावात आहे. मल्हारराव तेव्हा संतापाने पेटले होते. कुम्हेरची माती यमुनेत टाकीन अशी त्यांनी शपथ घेतली, असं सांगतात. किल्ला पडला नाही. काही महिन्यांनी तह करून फौजा निघून गेल्या.

दुसऱ्यांदा निर्वासित म्हणून. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. त्याआधी सूरजमल भाऊसाहेबांच्या छावणीत आला होता. बायकामुलं, बाजारबुणगे आणि जड सामान मागे सुरक्षित ठेवा, हलक्या फौजेने लढा, असं त्याने सुचवलं आणि ते मानलं गेलं नाही, हे सर्वांना माहीत आहे. तो नाराज होऊन निघून गेला. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर पराभूतांना वाटेत लुटून त्याने हिशेब चुकता केला असता. तशी लूट करणारे वाटेत पुष्कळ होतेच. पण थंडीत, उपाशी, अंगावरचे कपडे गेलेले लोक जाटांच्या मुलखात पोचले तेव्हा सूरजमल आणि राणी किशोरी यांनी त्यांना अन्न, वस्त्र आणि औषधपाणी दिलं, पुढच्या प्रवासाची सोय केली. बाजीराव-मस्तानीचा मुलगा शमशेरबहादूर जखमी अवस्थेत इथेच आला आणि इथेच गेला. कुम्हेरच्या वेढ्याला तेव्हा सात वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

माझी स्वतःची समजूत अशी आहे की पानिपतावर आपल्याकडे इतकं लिहिलं जातं, पण या आठवड्यांवर फार कमी. हरलेल्या फौजेची माघार ही लढाईइतकीच मोठी गोष्ट असते. ज्याने कधी थंडीत, रात्री, दमलेली कंपनी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवली आहे त्याला समोर उघडा दरवाजा दिसणं म्हणजे काय हे कळेल.

तिसऱ्यांदा पाहुणे म्हणून, आणि हीच भरतपूरची मोठी कथा.

१८०३ मध्ये लॉर्ड लेकने अलीगढ एका सकाळीत दरवाजा उडवून घेतलं, मग दिल्ली, मग आग्रा, मग लासवारीला शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या. १८०४ मध्ये यशवंतराव होळकर एकटे उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या फौजेने दिल्लीला वेढा घातला. दिल्लीचा तट जुना, लांबलचक आणि पडझड झालेला, आत शिबंदी थोडी. तरीही रेसिडेंट ऑक्टरलोनी आणि कर्नल बर्न यांनी दिल्ली राखली. इथे मला नेहमी थांबावंसं वाटतं. दगडी दिल्ली होळकरांना घेता आली नाही आणि मातीचं भरतपूर तीन महिन्यांनी इंग्रजांना घेता आलं नाही. भिंत कशाची आहे यावर सगळं ठरत असतं तर उलटं व्हायला हवं होतं. ऑक्टरलोनीचं नावही ध्यानात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

१३ नोव्हेंबरला डीगची लढाई, १७ नोव्हेंबरला फर्रुखाबादेजवळ पहाटे लेकने होळकरांच्या घोडदळाला झोपेत गाठलं, २४ डिसेंबरला डीगचा किल्ला पडला. यशवंतराव भरतपूरला आले. गादीवर रणजितसिंह होता. पंजाबचा नव्हे, हा सूरजमलचा मुलगा. वर्षभरापूर्वीच त्याने इंग्रजांशी तह केला होता. होळकरांना बाहेर ठेवलं असतं तर त्याचं राज्य सुखरूप होतं. पन्नास वर्षांपूर्वी ज्या घराण्याने त्याच्या बापाचा मुलूख वेढला होता त्याच घराण्यातल्या माणसासाठी त्याने तह मोडला. त्यामागे राजकारण होतं, स्वार्थही असेल. इंग्रज आज होळकरांना गिळतील आणि उद्या आपल्याला, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. पण कळणं वेगळं आणि तोफा समोर लागल्यावरही टिकणं वेगळं.

जानेवारी १८०५ च्या सुरुवातीला लेक भरतपूरसमोर आला. वेढ्याच्या जड तोफा त्याच्याकडे मोजक्याच होत्या. शहर इतकं मोठं की पूर्ण घेरायला सैन्य पुरेना. पण सलग विजयांची सवय झालेल्या सेनापतीला थांबवणार कोण? ९ जानेवारीच्या रात्री पहिला हल्ला. अंधारात तुकड्या भरकटल्या, खंदकात छातीइतकं पाणी, खिंडार चढण्याजोगं नव्हतं. नेतृत्व करणारा लेफ्टनंट कर्नल मेटलंड तिथेच पडला.

दुसऱ्या हल्ल्याआधीची रेकी मला फार आवडते, कारण ती आजच्या कुठल्याही कमांडोला शोभेल. तिसऱ्या नेटिव्ह कॅव्हलरीचा एक हवालदार आणि दोन सवार साध्या देशी वेशात तटाकडे घोडे फेकत निघाले. मागून त्यांच्याच शिपायांनी बंदुकांचे नुसते बार काढले, जणू ते फितूर होऊन पळताहेत. खंदकाशी पोचल्यावर त्यांनी तटावरच्या लोकांना ओरडून आत यायचा रस्ता विचारला आणि रस्ता शोधायच्या निमित्ताने खंदक आणि खिंडार डोळ्यांनी मोजून घेतलं. मग घोडे वळवून गोळ्यांच्या वर्षावातून परत. खिंडार चांगलं आहे, खंदक फार रुंद किंवा खोल नाही, असा त्यांचा अहवाल. २१ जानेवारीला लेकने न्यायला सुटसुटीत पूल केला आणि हल्ला चढवला. पूल कमी पडला. आतल्यांनी खिंडाराखाली खंदकात बांध घालून नेमकं तिथलंच पाणी वाढवलं होतं. रेकी हुशार आणि धाडसी होती, पण खंदक हलत होता. पाणी ज्याच्या हातात त्याला रात्रीतून नकाशा बदलता येतो.

तटाच्या बाहेर होळकर आणि अमीरखान यांचं घोडदळ इंग्रजी छावणीभोवती घिरट्या घालत होतं. मथुरेहून येणाऱ्या रसदेवर जानेवारीच्या शेवटी मोठा हल्ला झाला. ज्या रस्त्याने आम्ही जिप्सीतून तासाभरात यायचो तोच साधारण मार्ग. पुढे अमीरखान रोहिलखंडाकडे निघून गेला आणि त्याच्या मागे लेकलाही आपलं घोडदळ पाठवावं लागलं. वेढा घालणाराच अर्धा वेढला गेल्यासारखी अवस्था.

फेब्रुवारीत मुंबईकडची फौज मदतीला आली. २० फेब्रुवारीला तिसरा हल्ला. आणि या दिवशी जे झालं ते वाचताना मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. दोन हल्ल्यांत पोळलेल्या गोऱ्या पलटणींनी, ७५ व्या आणि ७६ व्या, पुढे जायला नकार दिला. पुढे गेले ते बाराव्या आणि पंधराव्या नेटिव्ह इन्फंट्रीचे हिंदुस्थानी शिपाई. त्यांनी बुरुजावर निशाणं लावली. मागून कुमक आली नाही, आणि त्यांना परत बोलावण्यात आलं. दुसऱ्या दिवशी लेकने फौजेसमोर भाषण केलं, सगळे पुन्हा तयार झाले आणि चौथा हल्ला झाला. पुरेसं खिंडार नव्हतं, म्हणून शिपाई एकमेकांच्या खांद्यांवर चढले, तोफांनी मातीत पाडलेल्या भोकांत हातपाय रोवून वर सरकले. वरून ओंडके, विटा, पेटलेल्या तेलाच्या कापसाची गाठोडी. चारही हल्ले मिळून इंग्रजांचे तीन हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले, त्यांत शंभराहून अधिक अधिकारी.

हे शिपाई कोण होते? अवधचे, बिहारचे, आजच्या उत्तर प्रदेशाच्या खेड्यांतले. त्यांच्या पलटणींपैकी काहींचा वंश आजच्या भारतीय सैन्यात थेट चालत आलेला आहे. पंधराव्या नेटिव्ह इन्फंट्रीची एक बटालियन पुढे ३१ वी बंगाल नेटिव्ह इन्फंट्री झाली, मग राजपूत रेजिमेंटची पहिली बटालियन, आणि आज ती ब्रिगेड ऑफ द गार्ड्सची चौथी बटालियन आहे. या पलटणीची एक कथा सांगितली जाते. १८०५ नंतर भरतपूरच्या बुरुजावर गेलेलं जुनं निशाण बदलून नवं आलं. जुन्या निशाणाच्या चिंध्या शिपायांनी आपसांत वाटून घेतल्या आणि जपून ठेवल्या. एकवीस वर्षांनी पलटण पुन्हा भरतपूरसमोर आली तेव्हा त्या चिंध्या गाठोड्यांतून बाहेर निघाल्या आणि नव्या निशाणाला बांधल्या गेल्या.

ही कथा ऐकून कोणत्याही फौजी माणसाचा गळा दाटतो. माझाही दाटला. आणि त्याच क्षणी हेही मनात येतं की ते निशाण कंपनी सरकारचं होतं आणि समोरच्या तटावर जो होता तो आपल्याच मुलखाचा माणूस, यशवंतरावांना दरवाजा उघडणारा. भारतीय संस्थानांविरुद्ध मिळालेले जुने युद्धसन्मान आज आपलं सैन्य साजरे करत नाही, आणि ते योग्यच आहे. पण पलटणीचा इतिहास कापून टाकता येत नाही. मी हवालदाराला विचारलं, तुझे पूर्वज कुठल्या बाजूला असतील? तो हसला. "सर, हमारे तो अंदर थे. आपके?" मी म्हटलं, माझे घोड्यावर बाहेर असतील, होळकरांच्या. खरं तर माझ्या पूर्वजांचं मला काहीही ठाऊक नाही. पण मी ज्या सैन्यात आहे त्याचे पूर्वज तिसऱ्या जागी, खंदकात होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो विषय आम्ही तिथेच सोडला.

एप्रिल १८०५ मध्ये तह झाला. रणजितसिंहाने वीस लाख रुपये देण्याचं कबूल केलं आणि कंपनीच्या शत्रूंशी संबंध तोडले. त्याच सुमारास यशवंतराव शिंद्यांच्या छावणीकडे निघून गेले. त्यांना कोणी धरून दिलं नाही. शहरात इंग्रज शिरले नाहीत. रणजितसिंह त्याच वर्षाच्या अखेरीस वारला.

पुढची वीस वर्षं भरतपूर ही इंग्रजांची दुखरी जागा होती. हिंदुस्थानात कुठेही कोणी मान वर केली की भरतपूरचा दाखला दिला जाई. १८२५ मध्ये संधी आली. महाराजा बलदेवसिंह वारला, वारस बळवंतसिंह लहान मूल, आणि पुतण्या दुर्जनसालने सत्ता बळकावली. म्हातारा ऑक्टरलोनी, तोच दिल्ली राखणारा, फौज घेऊन निघायच्या तयारीत होता. गव्हर्नर जनरल ॲम्हर्स्टने त्याचा हुकूम रद्द केला. अपमान झाल्यासारखं वाटून त्याने राजीनामा दिला आणि काही आठवड्यांत मेरठला मेला. मग कलकत्त्याचं मन बदललं आणि त्याच कामावर सरसेनापती लॉर्ड कॉम्बरमिअर गेला.

कॉम्बरमिअर लेकच्या फायली वाचून आला होता, असंच म्हणायला हवं. वीस हजारांहून जास्त सैन्य, शंभराहून जास्त वेढ्याच्या तोफा. पण त्याचं पहिलं काम तोफांचं नव्हतं. डिसेंबर १८२५ मध्ये पोचल्या पोचल्या त्याच्या तुकडीने मोती झीलचा बांध गाठला. आतल्यांनी पाणी सोडायला नुकतीच सुरुवात केली होती. बांध ताब्यात आला, फट बुजवली गेली आणि खंदकाचा बराचसा भाग कोरडा राहिला. माझ्या मते भरतपूर त्या दिवशी पडलं. उरलेला महिना नुसता हिशेब होता.

त्या हिशेबातही मातीने शेवटपर्यंत दाद दिली नाही. इतक्या तोफांनी मारा करून मनासारखं खिंडार पडेना. शेवटी तोफखान्याने हार मानली, हे आमच्या जमातीच्या वतीने मोकळेपणाने सांगतो, आणि काम सुरुंगवाल्यांकडे गेलं. कोरड्या खंदकाखालून सुरुंग खणले गेले. मुख्य सुरुंगात दहा हजार पौंड दारू भरली. १८ जानेवारी १८२६ च्या सकाळी तो ईशान्येकडच्या बुरुजाखाली उडवला. बुरूज आभाळात गेला आणि उडालेल्या मातीदगडांनी वाट पाहत थांबलेले काही हल्लेखोरही मारले. मग फौज आत शिरली. आत हजारोंनी माणसं मेली. दुर्जनसाल पळताना पकडला गेला आणि त्याला अलाहाबादला पाठवलं. इंग्रज तोफखान्यातला एक फितूर गोरा आत तोफा चालवत होता, त्याला फाशी दिलं. बुरूज पाडले गेले, लूट वाटली गेली, एक मोठी तोफ विलायतेला वुलिचच्या तोफखान्याच्या आवारात गेली. आजची १ गोरखा रायफल्स, स्किनर्स हॉर्स, बंगाल सॅपर्स यांचे तेव्हाचे अवतार या वेढ्यात होते.

१८०५ आणि १८२६ ची भिंत एकच होती. माती तीच, जाडी तीच. एकवीस वर्षांत बदललं ते पाणी कोणाच्या हातात होतं हे, बाहेर रसद तोडणारं घोडदळ होतं की नव्हतं हे, आणि आतल्या घरात एकी होती की भाऊबंदकी हे.

आज सुजान गंगेचं पाणी हिरवं आणि साचलेलं दिसतं, कडेला प्लास्टिक. परकोट्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक घरांचे पट्टे मागतात. त्यांनी आंदोलनंही केली आहेत. वारसा वाचवायचा म्हणणाऱ्यांचं चुकीचं नाही आणि ज्यांचा जन्म त्या मातीवर झाला त्यांचंही चुकीचं नाही. अनाह गेटच्या बाजूला एका म्हाताऱ्याने आम्हाला खाटेवर बसवून चहा दिला. म्हणाला, "कर्नल साब, नापने वाले आते हैं तो पूछते हैं, दीवार कहाँ से शुरू होती है. अब हम क्या बताएँ, हम तो दीवार पर ही पैदा हुए." त्याच्या अंगणाची एक बाजू पावसात खचली होती. नातू घमेल्याने माती भरत होता, आणि आजोबा बसल्या जागेवरून त्याला कुठे टाकायची ते सांगत होते.

हिवाळ्यात केवलादेवचं पक्षी अभयारण्य पाहायला महाराष्ट्रातून पुष्कळ लोक भरतपूरला जातात. घना म्हणतात त्याला तिथे. तिथली तळी भरणारं पाणीही सूरजमलच्या अजान बांधाचंच. तेव्हा गेलात तर एक दिवस जास्त ठेवा. सकाळी मथुरा गेटपासून परकोट्याच्या कडेने पायी निघा, जमेल तेवढं चाला, दुपारी लोहागढ पाहा. संध्याकाळी गाडी करून गांगरसोलीला खंडेरावांच्या छत्रीपाशी जाऊन या. रस्ता गावागावांतून जातो, कोणालाही विचारलं तरी सांगतात.